साठीनंतर स्मॉलकॅप : नवशिक्या पेन्शनरांसाठी आठ सोप्या पायऱ्या

हे मार्गदर्शन कोणासाठी?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत दर महिन्याच्या अखेरीस काही माणसे शाल, श्रीफळ, फेटा आणि भिंतीवरचे घड्याळ घेऊन घरी येतात. कोणी माळेगावच्या साखर कारखान्यातून सुटलेला असतो, कोणी सोमेश्वरमधून, कोणी भवानीनगरच्या छत्रपतीमधून, कोणी बिजवडीच्या कर्मयोगीतून, तर कोणी बारामतीच्या एमआयडीसीतून. जिल्हा परिषदेच्या शाळेतून जुन्या पेन्शनवर निवृत्त झालेल्या गुरुजींनी हे मार्गदर्शन करमणूक म्हणून वाचावे, कारण त्यांचा महिना सरकार भागवते. कारखान्यातल्या माणसाची पेन्शन ईपीएस-९५ या पेन्शन योजनेतली. तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. १५ हजारांची वेतनमर्यादा धरून पूर्ण पस्तीस वर्षे मोजली, तरी गणित साडेसात हजारांपाशी थांबते. बाकीचा महिना पीएफ आणि ग्रॅच्युइटीवर काढायचा. ही पुंजी शेअर बाजाराच्या सर्वांत चंचल कोपऱ्यात कशी नेऊन ठेवावी, हे ज्यांना अजून साधलेले नाही, त्यांच्यासाठी पुढच्या पायऱ्या आहेत.

लागणारे साहित्य

१. ग्रॅच्युइटी. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला १५ ने गुणा, २६ ने भागा आणि नोकरीच्या वर्षांनी गुणा. पगार ३० हजार आणि नोकरी ३५ वर्षे असेल, तर सुमारे ६ लाख ५ हजार रुपये होतात.

२. पीएफची रक्कम. मुलीच्या लग्नाला आणि घराच्या स्लॅबला मध्ये उचलली नसेल तर बरी भरते. दोन्ही मिळून आपण सोयीसाठी ३० लाख धरू.

३. एक स्मार्टफोन. काच तडकलेली असली तरी चालेल.

४. एक पुतण्या. त्याने डीमॅट खाते २०२० च्या टाळेबंदीनंतर उघडलेले असावे. त्यामुळे त्याने बाजार वर जाताना भरपूर पाहिलेला असतो आणि निम्म्यावर येताना कधीच पाहिलेला नसतो. आत्मविश्वासासाठी ही अट महत्त्वाची आहे.

५. चष्मा लागत नाही. योजनेच्या माहितीपत्रकातली अक्षरे बारीक असतात. ती वाचायची नसल्याने नंबर वाढला असला तरी अडत नाही.

पायरी पहिली : पैसे आल्याची बातमी पसरू द्या

रक्कम खात्यावर जमा झाल्याचा मेसेज आला, की भिगवण चौकातल्या चहाच्या टपरीवर तो चारचौघांत मोठ्याने वाचा. आठवडाभरात तुमच्या ओट्यावर क्रमाने येतील : विमा एजंट, प्लॉटवाला, पतसंस्थेचा संचालक, ट्रॅक्टरसाठी उसनवारी मागणारा साडू, आणि सर्वांत शेवटी म्युच्युअल फंडवाला. शेवटी आलेला शहाणा वाटतो, कारण तोवर आपण दमलेले असतो.

या गडबडीत पोस्टात जाऊ नका. तिथे ज्येष्ठ नागरिक बचत योजना नावाचा एक कंटाळवाणा प्रकार आहे. साठीनंतर कोणालाही खाते उघडता येते. ५५ ते ६० च्या दरम्यान निवृत्त झालेल्यालाही येते, पण निवृत्तीचे पैसे हातात पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत. हे तीन महिने ओट्यावरच्या मंडळींशी चर्चेत आरामात निघून जातात. कारखान्यातून अठ्ठावन्नाव्या वर्षी सुटलेल्याने तर घाई अजिबात करू नये, म्हणजे दार आपोआप साठीपर्यंत बंद होते.

पायरी दुसरी : ‘स्मॉल’ म्हणजे किती, ते विचारू नका

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने ऑक्टोबर २०१७ मध्ये व्याख्या ठरवून दिली. बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्या मोठ्या, १०१ ते २५० मधल्या आणि २५१ पासून खाली सगळ्या छोट्या. स्मॉलकॅप फंडाला आपल्या पैशांपैकी किमान ६५ टक्के या तिसऱ्या गटात ठेवावेच लागतात. बाजार कितीही महाग झाला, व्यवस्थापकाला कितीही धाकधूक वाटली, तरी हा भाग खाली आणता येत नाही. ‘मॅनेजर बघून घेईल’ असे पुतण्या म्हणेल, तेव्हा हा नियम आठवू नका.

आपल्या ओळखीच्या कंपन्या त्यात असतील, अशी समजूत मात्र जरूर करून घ्या. बारामतीत पियाजिओ आहे, पण तिचा शेअर आपल्या बाजारात मिळत नाही. श्रायबर डायनॅमिक्सचे चीज देशभर जाते, शेअर तिचाही मिळत नाही. सहकारी कारखान्याचा शेअर तुमच्याकडे आहे, पण त्यावर सवलतीची साखर मिळते, फंडाच्या युनिटचा भाव म्हणजे एनएव्ही नाही.

खरी जवळची कंपनी आहे ती इंदापूर तालुक्यात, कळंबच्या शेजारी. वालचंद हिराचंदांनी वसवलेल्या वालचंदनगरातली वालचंदनगर इंडस्ट्रीज. साखर कारखान्यांची यंत्रे, अणुभट्ट्यांचे भाग आणि इस्रोच्या रॉकेटचे भाग तिथे घडतात. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरले आणि या शेअरनेही उसळी घेतली. नीरेच्या काठावरच्या कामगारांनी घडवलेले पोलाद आकाशात गेले, ही अभिमानाचीच गोष्ट. पण त्याच कंपनीच्या ताळेबंदात तोट्याची वर्षेही बरीच आहेत. कारागिरी उत्तम असणे आणि शेअरने वेळेवर पैसे देणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. छोट्या कंपनीत एक मोठे काम हातचे गेले, एक बिल अडकले, कर्जाचा एक हप्ता चुकला, की सगळे वर्ष हलते. हे तिथल्या फिटरला विचाराल, तर तो दहा मिनिटांत समजावून सांगेल. म्हणून त्याला विचारू नका.

पायरी तिसरी : सल्लागार निवडा

सल्लागार दोन प्रकारचे असतात. सेबीकडे नोंदणी झालेला गुंतवणूक सल्लागार तुमच्याकडून ठरलेली फी घेतो आणि रात्री निवांत झोपतो. फंड विकणाऱ्या वितरकाकडे एआरएन क्रमांक असतो आणि त्याला फंड कंपनीकडून कमिशन मिळते. ते तुमच्याच पैशांतून, तुम्ही फंडात आहात तोवर दरवर्षी वळते होते. दोघांत वाईट कोणी नाही, आणि चांगला वितरक कमिशन मिळवूनही चांगला सल्ला देतो. पण फी देणे आपल्या जिवावर येते. कमिशन दिसत नाही, म्हणून ते फुकट असते. त्याच फंडाची ‘डायरेक्ट’ योजना जानेवारी २०१३ पासून मिळते आणि तिच्यात हे कमिशन नसते, ही माहिती चहा पिताना कोणी काढली तर विषय पालखीवर न्या.

तिसरा प्रकार मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये राहतो. तो महिन्याला ठरावीक टक्के द्यायची हमी देतो. त्याच्यापासून खरोखर सावध राहा, इथे थट्टा थांबवली आहे. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत जानेवारी २०२२ मध्ये उघडकीला आलेल्या प्रकरणात शेअर बाजाराच्या नावाखाली लोकांचे कोट्यवधी रुपये गेले. तिथले पैसे कोणत्याही फंडात नव्हतेच. स्मॉलकॅप फंड धोकादायक असेल, पण तो नोंदलेला असतो, त्याची एनएव्ही रोज जाहीर होते आणि तो परताव्याची हमी कधीच देत नाही. हमी ऐकू आली, की समोरचा माणूस फंड विकत नाही, एवढे समजावे.

पायरी चौथी : परतावा सोयीच्या तारखेपासून मोजा

आलेख पाहताना सुरुवात मार्च २०२० पासून करा. त्या महिन्यात बीएसई स्मॉलकॅप निर्देशांक ९ हजारांच्या खाली होता आणि २०२४ मध्ये ५० हजारांच्या वर गेला. ही रेघ पुतण्याने मोबाइलवर दाखवली, की कोणाचेही डोळे पाणावतात.

हीच रेघ जानेवारी २०१८ पासून सुरू केली, तर पहिली दोन-सव्वादोन वर्षे ती २० हजारांवरून ९ हजारांच्या खाली उतरताना दिसेल. जानेवारी २००८ पासून सुरू केली, तर १४ हजारांच्या आसपासचा आकडा मार्च २००९ मध्ये ३ हजारांजवळ दिसेल, आणि पुन्हा १४ हजार पाहायला २०१७ उजाडेल. म्हणजे २००८ च्या संक्रांतीला अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेला गृहस्थ निर्देशांक मूळ जागी आलेला पाहताना सदुसष्टचा झाला होता. काही फंडांनी निर्देशांकापेक्षा बरी कामगिरी केली, काहींनी वाईट. आपला फंड पहिल्या गटातला असणार, हे गृहीत धरून पुढे चला.

रिस्कोमीटर नावाची एक तबकडी प्रत्येक फंडासोबत छापलेली असते. तिचे सहा टप्पे आहेत आणि स्मॉलकॅपचा काटा शेवटच्या, ‘अति उच्च’ टप्प्यावर असतो. उच्च म्हणजे चांगलेच असणार. मुलांना शाळेत उच्च श्रेणी मिळाली, तेव्हा आपण पेढे वाटले नव्हते का?

पायरी पाचवी : सगळे पैसे एकाच दिवशी भरा

हप्त्याहप्त्याने पैसे घालणे हे नोकरी करणाऱ्यांचे काम. तुम्ही आता मोकळे आहात. शिवाय पालखीचे बेलवाडीतले रिंगण होईपर्यंत पैसे दुप्पट करायचे ठरले असेल, तर हप्त्यांत वेळ जातो.

इथे शेतकरी बाप आडवा येण्याची शक्यता आहे. तो म्हणेल, “आडसाली लागण केली की सोळा-अठरा महिने रानाकडं डोळं लावून बसायचं. सहा महिन्यांत पैशाची नड पडली, म्हणून कोण कोवळा ऊस तोडतं का?” म्हाताऱ्याला सांगा की उसाला निदान गळीत हंगाम असतो, एफआरपीचा किमान भाव असतो, ऊस कारखान्याला दिल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यायचा कायदा असतो. स्मॉलकॅपला यातले काहीच नाही, म्हणून तर त्यात मजा आहे. म्हातारा गप्प बसेल. त्याला पटले म्हणून तो गप्प बसला, अशी नोंद करा.

पायरी सहावी : त्याच पैशांतून घरखर्च सुरू करा

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि बहुतेक नवशिके तिच्यावर लक्ष देत नाहीत. नोकरीत असलेल्या माणसाचा फंड पडला, तर तो शिव्या घालतो आणि पगारातून पुढचा हप्ता भरतो. पडलेल्या भावात त्याला युनिट जास्त मिळतात. पडझड त्याच्या फायद्याची ठरू शकते. ती खऱ्या अर्थाने भोवावी, असे वाटत असेल, तर त्याच फंडातून दरमहा पैसे काढणे आवश्यक आहे. या सोयीला एसडब्ल्यूपी म्हणतात. अर्ज एक पानाचा असतो.

कागद-पेन घ्या. ३० लाख भरले. दरमहा २० हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार काढायचे. पहिल्याच वर्षी बाजार निम्मा झाला. ३० चे १५ लाख झाले, त्यातून घरखर्च गेला, राहिले १२ लाख ६० हजार. दुसऱ्या वर्षी बाजार दुप्पट झाला, म्हणजे जिथून पडला होता तिथे बरोबर परत आला. टीव्हीवर फटाके वाजले. तुमचे झाले २५ लाख २० हजार, त्यातून पुन्हा घरखर्च गेला, उरले २२ लाख ८० हजार. तुम्ही दोन वर्षांत खर्चले ४ लाख ८० हजार, पण पुंजी कमी झाली ७ लाख २० हजारांनी. मधले २ लाख ४० हजार कुठे गेले? तळाच्या भावात विकलेल्या युनिटांबरोबर गेले. बाजार सावरला, तुम्ही सावरला नाहीत. बाजाराला दरमहा किराणा भरावा लागत नाही.

आता तोच कागद उलटा करा, पण पुतण्याला दाखवू नका. पोस्टातल्या त्या कंटाळवाण्या योजनेत एका माणसाला जास्तीत जास्त ३० लाख ठेवता येतात. एप्रिल २०२३ पासून तिचा दर ८.२ टक्के राहिला आहे, आणि ज्या दराने खाते उघडले तो पाच वर्षे बदलत नाही. ३० लाखांवर वर्षाला २ लाख ४६ हजार, म्हणजे दर तिमाहीला ६१ हजार ५०० रुपये. महिन्याचा हिशेब साडेवीस हजार. व्याजावर नियमाप्रमाणे कर लागतो, पण मुद्दल जागचे हलत नाही. जो घरखर्च काढण्यासाठी आपण ही सगळी साहसे करत आहोत, तो इथे रांगेत उभे राहून मिळतो. यात कसलाही थरार नाही. टपरीवर सांगण्यासारखेही काही नाही.

पायरी सातवी : बाहेरचा रस्ता पाहून ठेवू नका

मोठ्या कंपनीचे शेअर विकायचे, तर घेणारे रोज मिळतात. छोट्या कंपनीचे लाखभर शेअर एका दिवशी विकायला काढले, तर भावच कोसळतो. २०२४ च्या सुरुवातीला सेबीने ही काळजी बोलून दाखवली, आणि मार्चपासून फंडांना एक आकडा जाहीर करावा लागू लागला : निम्मी गुंतवणूक विकून मोकळे व्हायला किती दिवस लागतील? काही मोठ्या स्मॉलकॅप फंडांची उत्तरे महिनाभराच्या आणि त्याहूनही पुढची होती. त्याआधी काही फंडांनी ‘एकरकमी मोठे पैसे आता आणू नका’ म्हणून दारही लावून घेतले होते. येणाऱ्या पैशाला नको म्हणणारा दुकानदार आपण बाजारात कधी पाहिला आहे? पण फंडवाले नको म्हणत असतील, तर माल नक्कीच चांगला असणार, असा अर्थ काढा.

करही पाहायचा नाही. वर्षाच्या आत नफ्यात विकले तर नफ्यावर २० टक्के, वर्षानंतर सव्वा लाखाच्या पुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के, असा जुलै २०२४ पासूनचा नियम आहे. पहिल्या वर्षात बाहेर पडल्यास बहुतेक फंड एक टक्का आकारही कापतात. एकदम आत जाणारा माणूस बहुधा एकदमच बाहेर येतो, म्हणून हे लिहून ठेवले.

पायरी आठवी : तळ आला की विका

पडझडीच्या काळात घरात ठरावीक संवाद होतात. पहिल्या महिन्यात : “करेक्शन आहे, काका.” तिसऱ्या महिन्यात : “ॲव्हरेज करा, काका.” सहाव्या महिन्यात पुतण्याचा फोन लागत नाही. त्याच सुमारास गुडघ्याचे ऑपरेशन निघते किंवा नातीच्या साखरपुड्याचे ठरते, आणि मालकीणबाई पहिल्यांदाच विचारतात, “अहो, त्या पैशाचं काय झालं?” या प्रश्नानंतर चोवीस तासांत सगळे विकून टाकावे. यालाच दीर्घकालीन गुंतवणूक म्हणतात. ती त्या काळात फार दीर्घ वाटते.

शंका आणि समाधान

शंका : मग स्मॉलकॅप फंड वाईटच का?

समाधान : नाहीत. तुमच्या तिशीतल्या मुलाने पगारातून दरमहा थोडे घातले आणि पंधरा वर्षे हात लावला नाही, तर ते त्याच्यासाठी योग्य ठरू शकतात. त्याच्याकडे पगार आणि वेळ दोन्ही आहे. फंड तोच असतो, पैसे लावणारा वेगळा असतो.

शंका : पण महागाईचे काय? पोस्टाचे व्याज पाच वर्षे तेवढेच राहणार.

समाधान : हा खरा प्रश्न आहे. आज वीस हजारांत चालणारे घर दहा वर्षांनी तेवढ्यात चालणार नाही. म्हणून घरखर्च आणि आजारपणाची तजवीज झाल्यावर उरणारा छोटा भाग शेअर बाजारात ठेवणे शहाणपणाचे असते. मात्र तो सात-दहा वर्षे लागणार नाही असाच हवा, आणि त्यातलाही बराचसा मोठ्या कंपन्यांच्या फंडात. स्मॉलकॅपची वेळ त्यानंतर येते, आली तर.

शंका : बाजार नको म्हणून मग पतसंस्थेत एफडी केली तर?

समाधान : बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते. व्याज दोन टक्के जास्त का मिळते, याचे उत्तर यातच आहे.

शंका : गावातल्या सगळ्यांनी टाकले आहेत. मीच मागे राहू का?

समाधान : राहा. ज्यांनी टाकले त्यांतल्या किती जणांचा घरखर्च त्या फंडावर चालतो, ते एकदा शोधून पाहा. वीस एकर बागायत असलेल्याने पाच लाख टाकणे आणि तुम्ही तीस लाख टाकणे, यात बाजार दोघांसाठी सारखाच पडतो, पण झोप तुमची उडते.

शेवटची सूचना

या आठही पायऱ्या उलट्या क्रमाने आणि उलट्या अर्थाने केल्या, तर त्यातून बऱ्यापैकी योजना तयार होते. आधी महिन्याचा खर्च लिहा. पेन्शन वजा करा. जो खड्डा उरेल, तो हमीच्या व्याजातून भरेल एवढी रक्कम सर्वांत आधी बाजूला काढा. वर्षभराचा खर्च बँकेत ठेवा, नॉमिनीचे नाव तपासा, आणि कागद कुठे ठेवले आहेत ते घरातल्या माणसाला दाखवा. त्यानंतर काही उरले, तरच शेअर बाजाराचा विषय काढा. आणि ओट्यावर कोणीही आला, पुतण्या असो की पाहुणा, त्याला एकच विचारा : “हे पैसे उद्या निम्मे झाले, तर माझा पुढचा महिना कशावर चालेल?” त्याने उत्तर आकड्यात दिले तर फॉर्म वाचायला घ्या. नाही दिले तर चहा पाजा आणि सही न करता निरोप द्या.